भाजी उजवीकडे

आमच्या घरातलं जेवणाचं ताट मध्यंतरी चार वर्षं जेवणाचं राहिलं नव्हतं. शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या काठच्या एका इमारतीत आठव्या मजल्यावर आम्ही तिघं राहत होतो. आई, बाबा आणि मी. बैठकीतून पाणी दिसायचं आणि स्वयंपाकघरातून समोरच्या इमारतीचे एसी. त्यांची घरघर दिवसभर चालू असायची, आणि तिच्या वर आवाज काढायचा म्हणून आमच्याकडे सगळेच जरा चढ्या स्वरात बोलायचे. आई पुण्याची. परमुलखात आलो म्हणून वाढण्याची रीत सोडायची नाही, हा तिचा हट्ट. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, आणि ताक सगळ्यात शेवटी. माझ्याकडून कधी चटणी उजवीकडे पडली, तर आई ती बोटानं उचलून डावीकडे ठेवायची. एके दिवशी बाबा घास हातात धरून त्या ताटाकडे नुसते बघत बसले. मग म्हणाले, मेधू, हे बघ, तुझ्याकडची ही ताटाची कड म्हणजे नेट, आणि ते मीठ म्हणजे समोरच्या पोरीच्या मागची लाइन. जेवण जेवणासारखं जेवा, असं आई म्हणाली खरी, पण तोपर्यंत बाबा फार पुढे गेले होते.

बाबा तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. रॅकेट त्यांनी जन्मात कधी धरली नव्हती. लहानपणी ते उत्तम पोहायचे म्हणे, जिल्ह्यापर्यंत गेले असते. पण पोहून काय मासे धरणार आहेस, असा एकच प्रश्न आजोबांनी विचारला आणि तो विषय मिटला. त्याचं उट्टं बाबांनी माझ्यावर काढलं. आमच्या इमारतीतल्या बाकीच्या मुली भरतनाट्यम आणि कीबोर्ड शिकायच्या. मी टेनिसला गेले याचं कारण इतकंच, की त्या वर्गाची वेळ बाबांच्या ऑफिसच्या वेळेला जुळत होती. पहिल्या सहा महिन्यांत मला बरं खेळता येतं असं दिसलं, आणि माझं नशीब फिरलं. कुठल्या दिशेला, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

शिकवायला सिल्वीमॅडम होत्या. आडनाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. फ्रान्सच्या. सोळा वर्षं जगभर व्यावसायिक टेनिस खेळून निवृत्त झालेल्या, आणि मग आमच्या क्लबनं बोलावलं म्हणून वाळवंटात आलेल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या आत-बाहेर असतील, पण मला त्या आजीइतक्या म्हाताऱ्या वाटायच्या, कारण जिना उतरताना त्या एका बाजूला वळून, कठडा धरून, एकेक पायरी उतरायच्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. उन्हानं कातडी पार तांबूस झालेली, आणि हातात कायम गार झालेल्या कॉफीचा पेला. शिकवून झालं की प्रत्येक मुलीनं मोठा ब्रश घेऊन आपलं कोर्ट झाडायचं आणि पांढऱ्या रेघा पुसायच्या, हा त्यांचा नियम. त्यांच्याकडे लाल मातीचं कोर्ट, तिथे खेळणाऱ्यानंच ते झाडून द्यायचं असतं. आमचं कोर्ट सिमेंटचं, निळ्या रंगाचं. त्यावर वाऱ्यानं आलेली बारीक वाळू तेवढी असायची, आणि झाडून झालं की दहा मिनिटांत पुन्हा यायची. काही आयांनी ऑफिसात जाऊन तक्रार केली, की आमच्या घरी झाडूला मेड आहे, आमच्या मुली इथे हे शिकायला येत नाहीत. सिल्वीमॅडमनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आयांच्या हातात एकेक ब्रश दिला. पुन्हा तक्रार आली नाही.

त्यांच्या खेळाबद्दल मला जे कळलं ते चेंडू गोळा करता करता, तुकड्यातुकड्यांनी. नदीकाठच्या एका लहान गावातल्या बेकरीवाल्याची ही मुलगी. बेकरीवाला पहाटे पाव भाजून दुपारी मोकळा व्हायचा, आणि मोकळा माणूस काय करणार, तर पोरीला कोर्टवर न्यायचा. सतराव्या वर्षी शाळा सुटली आणि गाडी धरली, ती सोळा वर्षांनी थांबली. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत त्या बऱ्याचदा खेळल्या, पण दुसऱ्या फेरीपुढे कधी गेल्या नाहीत. एकदा कुठल्याशा इटालियन गावात त्यांनी एका फार मोठ्या खेळाडूला हरवलं होतं. ते सांगताना त्या लगेच जोडायच्या, की त्या बाईला त्या दिवशी ताप होता. बाकीची सगळी वर्षं पात्रता फेऱ्यांची. सकाळी नऊ वाजता सगळ्यात कडेच्या कोर्टवर, तीन प्रेक्षकांसमोर, आणि त्यातला एक पुढच्या सामन्याची वाट बघत बसलेला. मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवायचे आणि दिव्यावर वाळवायचे. पाटीवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असायचं आणि ते दुरुस्त होईपर्यंत सामना संपलेला असायचा. शेवटच्या सामन्यात त्या पुढे होत्या. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला, तो खाली आल्यावर मारण्याऐवजी झेलला, आणि अंपायरकडे जाऊन सांगितलं, की बस, झालं माझं. पुढे असताना का सोडलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुढे होते म्हणूनच सोडता आलं, मागे असते तर जिंकेपर्यंत थांबावं लागलं असतं.

तेव्हा मला यातलं फारसं काही कळलं नाही. पॅरिस तेवढं कळलं. बाबांनाही तेवढंच कळलं.

आईचं आणि सिल्वीमॅडमचं मात्र निराळंच जुळलं. आईला इंग्रजी बेताचं, मॅडमचं इंग्रजी नाकातलं. आम्ही चेंडूमागे धावायला लागलो की मॅडम टाळ्या वाजवत ओरडायच्या, ‘आले, आले.’ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चला, पळा. पहिले काही दिवस आई प्रत्येक वेळी दचकून फाटकाकडे बघायची, की कोण आले. कोणीच येत नाही म्हटल्यावर तिनं विचार केला आणि निष्कर्ष काढला, की बाईला घशाचा त्रास आहे आणि ती आलं मागते आहे. पुढच्या वेळी ती डबाभर आलेपाकाच्या वड्या घेऊन आली. मॅडमनी एक तोंडात टाकली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी दुसरी उचलली. मग मी आईला खरा अर्थ सांगितला, पण ती म्हणाली असू दे, वड्या तर आवडल्या ना. चार वर्षांत त्या दोघींमध्ये वीसेक वाक्यं झाली असतील, आणि एकही गैरसमज झाला नाही.

माझा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. बाबा दिवा लावायचे, पंख्याचं बटण बंद करायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, मेधू, यल्ला. चल या अर्थाचा हा एवढाच अरबी शब्द त्यांनी मनापासून उचलला होता. स्टीलच्या पेल्यात दूध, मुठीत सोललेले बदाम, आणि ऊन चढायच्या आत कोर्ट. तिथून शाळा, शाळेतून घरी येऊन वरणभात, आणि चार वाजता पुन्हा कोर्ट. गणिताच्या तासाला माझी मान पुस्तकावर पडायची, आणि शेजारची मुलगी पेन्सिल टोचायची. मी थकले होते. हे वाक्य आज सहज लिहिलं, पण तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतंच. थकायचं ते आईबापांनी, मुलं दमतात ती खेळून, आणि मी तर दिवसभर खेळतच होते. तक्रार कशाची करणार?

आणि ताट. सामना चालू असताना बाहेरून कोणी काही सांगायचं नाही, असा टेनिसमध्ये नियम आहे. बाबांना हा नियम अन्यायाचा वाटायचा. आपली मुलगी एकटी तिथे उभी आहे, तिला दिसत नाहीये ते आपल्याला जाळीमागून स्वच्छ दिसतंय, आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी आईचं ताट कामाला लावलं. चटणी म्हटलं की मी डावीकडे मारायचं. भाजी म्हटलं की उजवीकडे. मीठ म्हणजे खोल, मधोमध, आणि ताक म्हणजे नेटजवळ हळूच टाकायचा. समोरची मुलगी उजव्या हाताची असली तर माझी उजवी बाजू म्हणजे तिचा बॅकहँड, आणि त्या वयातल्या बहुतेक मुलींचा बॅकहँड कच्चा असतो, त्यामुळे आमच्याकडे भाजी फार वाढली जायची. बाबा जाळीमागच्या बाकावर आईशेजारी बसायचे आणि तिच्याकडे तोंड करून, एसीवर मात करणाऱ्या त्या आवाजात म्हणायचे, ‘अगं, पाहुण्यांना भाजी वाढ.’ आई कानकोंडी होऊन पर्समध्ये काहीतरी शोधत राहायची. आपण नवराबायकोनं जेवणाबद्दल बोलायचं नाही का, असा बाबांचा युक्तिवाद होता. एकदा सिल्वीमॅडमनी मला विचारलं, की भाजी म्हणजे काय. मी म्हटलं, व्हेजिटेबल. त्या म्हणाल्या, तुझे वडील व्हेजिटेबलचा फार विचार करतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाचा ठाम समज असतो, की मराठी ही भाषा म्हणजे बंद कपाट आहे आणि किल्ली फक्त आपल्या खिशात आहे. लिफ्टमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, दवाखान्यात, जो तो दुसऱ्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल खुशाल बोलत असतो. आमच्याच लिफ्टमध्ये एकदा पठाणी सूट घातलेला एक उंच गृहस्थ शिरला, अत्तराचा घमघमाट. बाबा आईला म्हणाले, केवढं ओतलंय, माशी मरेल. गृहस्थ पाचव्या मजल्यावर उतरताना अदबीनं म्हणाला, ‘काका, माशी अजून जिवंत आहे.’ तो कराचीचा, त्याची आजी रत्नागिरीची निघाली. बाबांनी तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता. पण ते म्हणाले, हा अपवाद होता.

मी पंधरा वर्षांची असताना ते पत्राचं प्रकरण निघालं. सिल्वीमॅडमचे जुने प्रशिक्षक फ्रान्समध्ये मुलींची निवासी टेनिसशाळा चालवत होते. ओळखीच्या माणसानं पत्र दिलं तर बाहेरच्या एखाद्या मुलीलाही घ्यायचे. बाबा मॅडमना जाऊन भेटले. मॅडम म्हणाल्या, अबुधाबीची स्पर्धा होऊ दे, मग ठरवते. ठरवते, एवढंच त्या म्हणाल्या, पण घरी येईपर्यंत बाबांनी ते होकारात बदलून टाकलं. निळी सूटकेस आली. फ्रेंच शब्दकोश आला, आणि बाबा रोज जेवताना त्यातले पाच शब्द वाचून दाखवायला लागले. तिथे शाकाहारी मिळतं का, एवढंच आईनं विचारलं, आणि मग ती दिवसभर बेसन भाजत राहिली. पत्र मिळालं तर सप्टेंबरात मी जाणार होते, एकटी, निदान पाच वर्षांसाठी. मला कोणी विचारलं नाही. यात त्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही, कारण मीही मला विचारलं नव्हतं.

अबुधाबीला मी अंतिम फेरीत पोचले. समोर लारा नावाची लेबनीज मुलगी होती, माझ्यापेक्षा वीतभर उंच, फोरहँड तोफेसारखा आणि बॅकहँड नावापुरता. उंच खुर्चीवर अंपायर होते, सावळे, चष्मा, पांढरी टोपी, छातीवरच्या बिल्ल्यावर डिमेलो असं नाव. बाबांनी सामन्याआधी त्यांच्याशी ओळख काढून घेतली होती. ‘फ्रॉम गोवा?’ त्यांनी विचारलं. ‘नियरबाय ओन्ली,’ डिमेलो हसून म्हणाले. बाबांनी ते मंगळूर असणार असं ठरवलं आणि निश्चिंत होऊन बाकावर येऊन बसले. मॅडम समोरच्या टोकाला एकट्याच बसल्या होत्या.

पहिला सेट मी घेतला. तो मी घेतला असं म्हणणं धाडसाचं आहे. पाहुण्यांना भाजी वाढ, पुन्हा भाजीच वाढ, आता जरा चटणी, आणि हं, ताक आण. बाबा नुसते पंगत उठवत होते आणि मी पळत होते. लारा रडकुंडीला आली. दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन झाले असताना बाबा म्हणाले, अगं, भाजी संपली का, वाढ की अजून. मी सर्व्हिससाठी चेंडू जमिनीवर आपटत होते. डिमेलोंनी हात वर करून मला थांबवलं. मग ते खुर्चीत वळले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि जाळीकडे बघून शांतपणे बोलले.

‘साहेब, मी वसईचा. मराठी शाळेत शिकलोय. मघापासून ऐकतोय. भाजी पुरे झाली आता, मुलीला तिच्या हातानं जेवू द्या.’

एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बाहेरून मार्गदर्शन केल्याबद्दल मला ताकीद दिली. लाराचे वडील उठून काय झालं म्हणून विचारायला लागले. डिमेलो म्हणाले, ‘फूड मॅटर. खलास.’ मी बाबांकडे बघितलं. कोणी तोंडात मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेजारी आईनं ओढणी तोंडावर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. बाबा उठले आणि कोणाकडे न बघता पार्किंगकडे चालत गेले. मला त्यांची दया आली, आणि शरम इतकी वाटली की पायाखालचं निळं सिमेंट दुभंगलं तर बरं होईल असं वाटलं.

दुसरा सेट मी हरले. प्रत्येक चेंडूआधी मान आपोआप जाळीकडे वळायची आणि तिथे रिकामी जागा दिसायची. डावीकडे मारू की उजवीकडे हेच कळेना, आणि न कळल्यामुळे मी सगळे लाराच्या फोरहँडवर मारले, तिनं ते परत माझ्या अंगावर घातले. तिसऱ्या सेटला केव्हातरी मान वळायची थांबली. कसं झालं ते सांगता येत नाही. मी मला वाटेल तिथे मारायला लागले, आणि वाटेल तिथले बरेचसे आत पडायला लागले. एक चेंडू मी नेटपाशी इतका हळू टाकला की लारा जागेवर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. सात-पाच असा तो सेट मी घेतला, सामना जिंकले, आणि हात मिळवायला नेटकडे जाताना मला एक गोष्ट लख्ख कळली. मला हे येतं. माझं मला येतं. आणि तरी मला हे नको आहे.

इतकी वर्षं मी हा प्रसंग कोणालाच सांगितला नाही, कारण ऐकणाऱ्याला तो उलटा हवा असतो. बापाचा जाच संपला आणि मुलीला खेळाचा आनंद सापडला, असा. आनंद झालाच होता, नाही असं नाही. पण पोटभर जेवल्यावर ताटावरून उठतानाचा आनंद वेगळा, आणि पुन्हा वाढून घेण्याची इच्छा वेगळी.

मॅडम माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहिते. अंपायर काय म्हणाला ते त्यांनी विचारलं, मी ताटाची सगळी हकिकत सांगितली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या गुडघ्यावरचा पट्टा सोडत म्हणाल्या, माझे वडील खोकायचे. एकदा खोकले की डावीकडे, दोनदा खोकले की उजवीकडे. पावाच्या पिठानं छाती खराब झालेली, त्यामुळे कोणाला संशय यायचा नाही. मी सत्तावीस वर्षांची असताना ते गेले. त्यानंतर मी सहा वर्षं खेळले, आणि प्रत्येक सामन्यात कोणीतरी खोकेल म्हणून वाट बघितली.

मग त्यांनी विचारलं, ‘तुला जायचंय?’

मी मान हलवली, नाही.

‘नक्की? आज तू चांगली खेळलीस. शेवटचा सेट फार चांगला.’

‘आय नो,’ मी म्हटलं. ‘आय डोन्ट वॉन्ट टू.’ आणि मग मी म्हटलं, की हे मी बाबांना सांगू शकत नाही. त्यांनी सूटकेस आणली आहे.

 मॅडमनी पट्टा पुन्हा घट्ट बांधला, कठडा नसलेल्या तीन पायऱ्या तशाच एका बाजूनं उतरल्या आणि पार्किंगकडे गेल्या. मी जिंकलेला कप हातात घेऊन मागून गेले. बाबा गाडीला टेकून उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी कप हातात घेतला, आणि मॅडमना विचारलं, आता पत्र देणार ना. मॅडम म्हणाल्या, ‘नो. शी इज नॉट गुड इनफ.’

बाबांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. ‘बट शी वन,’ ते म्हणाले.

‘अगेन्स्ट धिस गर्ल, येस,’ मॅडम म्हणाल्या. ‘हर लेग्ज आर स्लो. आय नो व्हॉट इट टेक्स. आय विल नॉट राइट.’ आणि माझ्याकडे एकदाही न बघता त्या निघून गेल्या.

आम्ही शारजाला परत निघालो. आईनं ज्वारीची धपाटी काढून दोघांना दिली, आम्ही खाल्ली. घरी आल्यावर बाबांनी शब्दकोश कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला. मॅडम वर्षभरात क्लब सोडून गेल्या, कुठे ते कळलं नाही. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या कोर्टवर नव्या मुलींना ओरडत होत्या, आणि त्यांनी मला लांबूनच हात केला. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण मुलींसमोर कसे मानणार, म्हणून मीही हात केला आणि परत आले. ते राहिलंच.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर दिवसभर उभी असते आणि खलिफा सिटीत राहते. माझी मुलं मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाबा त्र्याऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात, आणि टीव्हीवर टेनिस लागलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, त्या बाईनं घात केला. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं, कधीकधी मानही डोलावली. एका परक्या बाईनं माझ्यासाठी शिव्या खाव्यात आणि मी अळीमिळी गुपचिळी करून बसावं, याची मला लाज वाटते. वाटते आणि तरी मी गप्प राहिले. प्रकरण इथेच संपत होतं.

पुढचं नंतर लिहिते आहे. माझं मराठी घरातलं, शाळेत कधी झालं नाही, त्यामुळे माझ्या या आठवणींच्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण बाबा तपासतात. हे प्रकरण दोन महिने मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. गेल्या शुक्रवारी नाश्त्यानंतर त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कपडे घड्या करत बसले. दुपारची अजान झाली तेव्हा त्यांनी हाक मारली. लाल पेनानं सहा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं होतं. कोशिंबीरमधली बी मी ऱ्हस्व लिहिली होती. कागद नीट जुळवून ते म्हणाले, ‘म्हणजे ती बाई खोटं बोलली.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘तुझ्यासाठी.’

‘हो.’

त्यांनी चष्मा काढला. ते खिडकीबाहेर बघायला लागले, तिथे शेजारच्या व्हिलाची भिंत आहे, बघण्यासारखं काही नाही. मग त्यांनी विचारलं, ‘ते नको होतं, तर मग तुला हवं तरी काय होतं?’

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. मला काहीतरी मोठं सांगता आलं असतं, पुस्तकात शोभेलसं. पण खरं तेच तोंडातून आलं.

‘झोप,’ मी म्हटलं. ‘मला झोपायचं होतं, बाबा.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘रोज साडेचारला मीच उठवायचो तुला,’ ते म्हणाले. ‘एकदाही नाही म्हणाली नाहीस.’

‘नाही, कधीच म्हटलं नाही.’

पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं. खुर्चीचे हात धरून सावकाश उठले, आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाले, ‘जा, पड जरा. चहा आज मी करतो.’

त्यांना चहा करता येत नाही. पण मी जाऊन पडले.